'बोके' की 'कवडसे'?

म्हापशाहून प्रश्न आला आहे : "मी इमारतींची थ्रीडी चित्रं करतो. रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या तयार चित्रात, मागचे दिवे मुद्दाम धूसर, गोल गोल दाखवतो, त्याला 'बोके' म्हणतात. क्लायंटला सांगितलं, 'मागे थोडे बोके टाकलेत', तर तो बाल्कनीत मांजरं शोधत बसला. 'कवडसे' म्हटलं तर चालेल?"

क्लायंटचं काही चुकलं नाही, आणि तुमचा उच्चारही बरोबर आहे. शब्द जपानी, अर्थ धूसरपणा, शिवाय म्हातारपणची भ्रमिष्टावस्थाही. इंग्रजीत त्याच्या शेपटीला 'एच' लागला तो १९९७ साली, माइक जॉन्स्टन या छायाचित्रण-मासिकाच्या संपादकामुळे, लोकांनी 'बोक' वाचू नये म्हणून. देवनागरीत ती भीती नाही, तेव्हा 'बोकेह' लिहू नका.

'कवडसा' शब्द गोड, पण इथे नेमका उलटा पडतो. मंगळुरी कौलांतल्या बारीक भोकातून ऊन उतरतं तेव्हा भोक कितीही वेडंवाकडं असो, कवडसा गोलच पडतो. तो सूर्याचं चित्र असतो. भोकापासून ३ मीटरवर किरणांना आडवा कागद धरा, सुमारे २८ मिलिमीटरचा सूर्य कागदावर येईल. खंडग्रास ग्रहणात त्याच कवडशाची कोर होते. म्हणजे कवडसा आकार घेतो तो उजेड देणाऱ्याचा. बोक्यात आकार भिंगाच्या भोकाचा! ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लेड्स', म्हणजे भोकाच्या कडा, ६ करा, मंगेशीच्या दीपस्तंभावरची प्रत्येक पणती षटकोनी होईल. एफ-स्टॉपचा आकडा उतरवा, म्हणजे भोक मोठं करा, षटकोन फुगतील.

खरं तर काहीच इफेक्ट न लावलेला रेंडरचा कॅमेरा हाच कवडशाचा कॅमेरा. त्याला भोक म्हणजे नुसता बिंदू, म्हणून जवळचा कठडा आणि मांडवीपलीकडचा माड सारखेच लख्ख. किरण एकाच बिंदूतून न सोडता भिंगभर विखरून सोडायचे, ही युक्ती कुक, पोर्टर आणि कारपेंटर या संगणक-चित्रांच्या संशोधकांनी १९८४ साली मांडली.

बाकीचे शब्द पाहू. 'अंधुक' म्हणजे उजेड कमी. इथे तर दिवे झगझगतात. 'पुसट' म्हणजे पुसल्यासारखं, पाटीवरच्या अक्षरासारखं. 'धूसर' त्यातल्या त्यात जवळचा, पण तो किती विरघळलं एवढंच सांगतो, कसं विरघळलं ते नाही. आणि बोके म्हणजे तो 'कसं'च. म्हणून शब्द 'बोके' ठेवा, आणि क्लायंटसमोर म्हणा, 'दिव्यांच्या टिकल्या'. कुणीही समजेल.

एक पुरवणी. खऱ्या भिंगात चित्राच्या कडेच्या टिकल्या गोल राहत नाहीत; भिंगाच्या नळीची कड आड येऊन त्या लिंबासारख्या निमुळत्या होतात. साध्या रेंडरमध्ये हे आपोआप होत नाही, कॅमेऱ्यापुढे नळी मॉडेल करून ठेवली तर होतं. छायाचित्रकार त्या आकाराला 'कॅट्स आय' म्हणतात. तेव्हा क्लायंटला सांगा, बाल्कनीत नाही, कडेला बघा.