टेबलं थेट एपीआयवर नेऊ नका, मध्ये व्ह्यू ठेवा

तुमचा प्रश्न मला असा कळला: पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ४० च्या आसपास टेबलं आहेत, त्यावर मोबाईल अ‍ॅप करायचंय. तर प्रत्येक टेबलासाठी हाताने एंडपॉइंट (अ‍ॅप ज्या पत्त्यावर डेटा मागतं तो) लिहायचे, की पोस्टग्रेस्ट, म्हणजे डेटाबेसवरून एपीआय (अ‍ॅपने डेटाशी बोलायचा मार्ग) आपोआप तयार करणारा सर्व्हर, बसवून मोकळं व्हायचं? माझं मत स्पष्ट आहे. पोस्टग्रेस्ट बसवा, पण तुमची मूळ टेबलं त्याला दाखवू नका; मध्ये व्ह्यू ठेवा, म्हणजे टेबलासारखीच दिसणारी, पण टेबलांवरून तयार होणारी साठवलेली क्वेरी.

हाताने लिहिण्याच्या मी विरोधात का, ते आधी सांगते. घाला, वाचा, बदला, काढा हे चार प्रकार ४० वेळा लिहिताना माणूस कंटाळतो आणि तिसाव्या टेबलाशी परवानगीची तपासणी राहून जाते. पोस्टग्रेस्ट डेटाबेसचा कॅटलॉग (टेबलं-कॉलमांची आतली नोंद) वाचून एंडपॉइंट स्वतः तयार करतं. फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे) नीट असतील तर ऑर्डर मागताना तिच्यातच ग्राहकाचं नावही मागता येतं, एका विनंतीत. ग्राफक्यूएल (हवी तेवढीच माहिती मागायची क्वेरीची भाषा) हवं असेल तर हसुरा किंवा पोस्टग्राफाइल, ओरॅकल डेटाबेसवर असाल तर ओर्ड्स. नावं वेगळी, पुढचं सगळं थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडतं.

आता टेबलं का नाहीत? टेबलाची रचना आपण साठवणुकीच्या सोयीने करतो आणि ती बदलण्याची मुभा आपल्याला लागते. कॉलमचं नाव एकदा लोकांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये गेलं की ती मुभा संपली, कारण जुनं अ‍ॅप लोक महिनोन्‌महिने अपडेट करत नाहीत. डेटा आतून कसा मांडलाय हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, हे संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० च्या रिलेशनल मॉडेलवरच्या निबंधात पहिल्याच वाक्यात मांडलं होतं. टेबल जसंच्या तसं वेबवर मांडलं की आपण नेमकं तेच गमावतो.

एक उदाहरण घ्या. ग्राहकांच्या टेबलात पत्ता नावाचा एकच कॉलम आहे. वर्षभराने शहरावरून शोधायची गरज पडते आणि तुम्ही त्याचे तीन कॉलम करता. टेबल थेट उघडं असेल तर त्याच क्षणी जुनं अ‍ॅप बंद पडतं. मध्ये व्ह्यू असेल तर तो तिन्ही तुकडे जोडून पत्ता याच नावाने देत राहतो आणि अ‍ॅपला बदल कळतही नाही. म्हणून एपीआयसाठी वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा) करा, त्यात फक्त व्ह्यू आणि फंक्शनं ठेवा. पुढे दुसरी आवृत्ती काढायची झाली तर दुसरा स्कीमा करा. पोस्टग्रेस्ट एकाहून जास्त स्कीमा चालवतं, कुठला हवा ते विनंतीच्या हेडरमधून सांगता येतं. एक अडचण मात्र लक्षात घ्या: एका टेबलावरच्या साध्या व्ह्यूमध्ये थेट लिहिता येतं, पण जोडून केलेल्या पत्त्यासारख्या कॉलममध्ये लिहायचं तर इन्स्टेड ऑफ ट्रिगर लागतो, म्हणजे त्या लिहिण्याऐवजी चालणारा तुमचा कोड.

परवानग्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात वाईट चुका इथे होतात. टोकन (विनंतीसोबत येणारा ओळखीचा पुरावा) तपासून पोस्टग्रेस्ट त्या विनंतीपुरता डेटाबेसचा रोल, म्हणजे परवानग्यांचं खातं, बदलतं. मग कोणाला कुठली रो (टेबलातली ओळ) दिसावी हे रो लेव्हल सिक्युरिटीच्या पॉलिसीने ठरवायचं. ती सोय पोस्टग्रेस्क्यूएल ९.५ पासून आहे. पण व्ह्यू मुळात स्वतःच्या मालकाच्या हक्काने चालतो. मालक सुपरयूजर (सगळे हक्क असलेला) असेल, किंवा व्ह्यू आणि टेबल दोन्हींचा मालक एकच असेल, तर टेबलावर कितीही काटेकोर पॉलिसी लिहा, व्ह्यूमधून सगळ्यांना सगळं दिसतं. एररही येत नाही. १५ व्या आवृत्तीपासून व्ह्यूला सिक्युरिटी इन्व्होकर हा पर्याय लावता येतो, मग वापरणाऱ्याचे हक्क तपासले जातात. तो प्रत्येक व्ह्यूला लावा. त्यासाठी त्या रोलला मूळ टेबलावरही परवानगी द्यावी लागते. टेबल एपीआयच्या स्कीमात नसल्यामुळे ते बाहेरून दिसत नाही. पॉलिसीत जो कॉलम तपासता त्यावर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) हवाच, नाहीतर टेबल वाढलं की प्रत्येक विनंती रखडेल.

दुसरी गोष्ट माझ्याच एका प्रोजेक्टमध्ये घडलेली. एका ऑर्डरची स्थिती बदलण्यासाठी अ‍ॅपमधून पॅच (बदल करायची एचटीटीपी विनंती) जायचा, यूआरएलमध्ये आयडीचा फिल्टर असायचा. एकदा आयडीचा व्हेरिएबल रिकामा राहिला आणि एचटीटीपी लायब्ररीने तो पॅरामीटरच गाळून टाकला. सर्व्हरकडे पोहोचला तो फिल्टर नसलेला पॅच. त्याचा अर्थ सरळ आहे: व्हेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) नसलेला अपडेट. सगळ्या ऑर्डरी ‘पोहोचली’ झाल्या आणि लॉगमध्ये शांतपणे २०४, म्हणजे ‘यशस्वी’, उमटला होता. बॅकअपमधून स्थिती परत आणण्यात दोन रात्री गेल्या. तेव्हापासून पीजी-सेफअपडेट हे एक्स्टेंशन मी पहिल्याच दिवशी बसवते. व्हेअर नसलेला अपडेट आणि डिलीट ते अडवतं.

शिवाय ऑर्डर देणं, पैसे परत करणं अशी जी कामं तीन-चार टेबलांना हात लावतात, ती अ‍ॅपला सुट्या विनंत्यांनी करू देऊ नका. मधेच नेटवर्क गेलं तर अर्धी ऑर्डर राहते. फंक्शन लिहा, ते एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं: सगळं होतं किंवा काहीच होत नाही.

बाकी किरकोळ, पण आधीच करून ठेवा. एका विनंतीत जास्तीत जास्त किती रो द्यायच्या ती मर्यादा घाला आणि रोलवर स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीची वेळमर्यादा) लावा. लांबलचक याद्यांना ऑफसेटने (‘इतक्या रो सोडून पुढच्या द्या’ असं सांगून) पानं पाडू नका, शेवटच्या आयडीच्या पुढचं मागा. बिगइंट (६४ बिटी पूर्णांक) आयडी असतील तर व्ह्यूमध्येच टेक्स्ट करून द्या. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतीलच असं नाही.

आणि लाइव्ह जाण्याआधी एक चाचणी हाताने करा. दोन खाती उघडा, एकाचं टोकन घेऊन दुसऱ्याच्या ऑर्डरचा आयडी मागा. उत्तर रिकामी यादी यायला हवं. प्रत्येक व्ह्यूवर हे करा, एकही सोडू नका.