सुधारित चूल आणि धूर

प्रश्न : मुरबाडजवळच्या आमच्या गावी उज्ज्वला योजनेतून गॅस आला, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. सुधारित चूल आणूनही धूर का होतो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष बहुधा चुलीचा नसून सरपणाचा असावा, कारण ओल्या लाकडातील पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते, ज्वाला थंडावते आणि न जळालेले वायू धूर होऊन बाहेर पडतात. लाकूड पावसाळ्यापूर्वीच मनगटापेक्षा बारीक फोडून माळ्यावर रचावे. जाळीखालची राख रोज काढावी, कारण हवा तिथूनच शिरते. चुलीच्या तोंडात लाकडे कोंबू नयेत (घाईच्या वेळी हा मोह सर्वांनाच होतो). धुराडे असल्यास त्यातील काजळी झाडावी. भाकरीसाठी मात्र तव्याखाली ज्वाला पसरू देणारी, रुंद तोंडाची चूलच निवडावी.