गावरान कोंबडीपालनातून लहान उद्योग कसा उभा राहील?

सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडीकडे घरोघरी दहा-पंधरा गावरान कोंबड्या असूनही त्यातून उद्योग का उभा राहत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते खरी अडचण भांडवलापेक्षा पिल्ले जगवण्याची आहे. खुडूक कोंबडी 21 दिवसांत अंडी उबवते, परंतु पहिल्या महिन्यात घार, मुंगूस, थंडी आणि मानमोडी (राणीखेत) हा साथीचा रोग यांमुळे बरीच पिल्ले दगावतात आणि विकण्याजोगे फारसे काही हाती उरतच नाही. म्हणून बचत गटातील एक-दोघींनी उबेचा बल्ब, जाळीचे खुराडे आणि लसीकरण यांची जबाबदारी घेऊन चार आठवड्यांची पिल्ले तयार करावीत आणि ती इतरांनी विकत घ्यावीत, हा मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. तिची एकच कुपी शेकडो पिल्लांना पुरते आणि पाण्यात मिसळल्यावर ती फार काळ टिकत नाही, त्यामुळे एकट्यादुकट्याला ती परवडत नाही.

विक्रीसाठी आखाड आणि गावोगावच्या यात्रा डोळ्यांसमोर ठेवून चार-पाच महिने आधी पिल्ले सोडावीत, कारण घरात पैशांची नड असताना व्यापाऱ्याला नगावर विकलेल्या कोंबडीला रास्त भाव मिळत नाही. वजनावर आणि गटाने विकावे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के अनुदान आहे, मात्र ती योजना मोठ्या प्रकल्पांसाठी असल्याने सुरुवात तिच्यापासून करू नये.