रोझरी म्हणताना झोप लागते, मावशी

"मावशी, मोठा ३ वर्षांचा, धाकटी ५ महिन्यांची. नवरा बोटीवर, एकदा गेला की आठ-दहा दिवस येत नाही. सासूबाई पहाटेच मासळी घेऊन बाजारात. रात्री पोरं निजली की रोझरीची माळ घेऊन बसते, पण पाच रहस्यांतल्या दुसऱ्यापर्यंतच डोळे मिटतात. मिस्सेत धाकटी रडली की बायका वळून वळून बघतात, म्हणून महिना झाला चर्चला गेलेच नाही. परवा मोठ्याने दूध सांडलं, मी त्याला फटकावलं आणि मग मोरीत जाऊन रडत बसले. जाऊबाई म्हणतात, संत मोनिकासारखी प्रार्थना कर. माझी श्रद्धाच कमी पडतेय का?"
– एक आई, वसईचा कोळीवाडा

अगं बाय, श्रद्धेचं नंतर बघू, आधी मला सांग तू सलग चार तास झोपलीस कधी? पत्रात अख्ख्या घराचं लिहिलंयस, कोण कुठे जातं, कधी येतं, पण तू कधी जेवतेस ते कुठेच नाही.

एलिया संदेष्टा आठवतो ना, १ राजे १९ मधला? रानात एका झुडपाखाली जाऊन पडला, म्हणाला देवा पुरे झालं, आता मला ने. आणि देवदूत आला तो काय म्हणाला, तर ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो उठला, खाल्लं आणि परत झोपला, आणि कोणी त्याला काही बोललं नाही गं, देवदूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही खाच म्हणाला, कारण वाट तुला झेपायची नाही. प्रवचनात लोक पुढच्या ४० दिवसांच्या चालीवर बोलतात, मला मात्र ही दुसरी झोप जास्त आवडते.

आणि प्रार्थनेत झोप लागते म्हणून रडणारी तू पहिली नाहीस. लिझ्यची छोटी तेरेजा, मठातली सिस्टर, ना पोरं ना संसार, तिलासुद्धा प्रार्थनेत झोप लागायची, तिने स्वतःच लिहून ठेवलंय. तिचं म्हणणं असं की आईबापाला पोर जागं असताना जेवढं आवडतं तेवढंच झोपलेलंही आवडतं. हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, धाकटी निजल्यावर तिच्याकडे बघत बसतेस की नाही?

माझं सांगते. माझा मधला तान्हा होता तेव्हा ऐन बोंबलाचा सीझन, मी सकाळपासून बोंबील वाळवायच्या वलांडीवर, तो बाजूला साडीच्या झोळीत. बोंबील कसा घालतात तुला सांगायला नको, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, बारीक दात बोटांना टोचतात ते वेगळंच. रोझरी हातात धरायची सोयच नव्हती, म्हणून मी एका जोडीला एक नमो मरिया म्हणायला लागले, दहा जोड्या झाल्या की एक रहस्य. मध्येच पोर रडायचं, मोजणी चुकायची, मग म्हणायचे देवा आता तूच मोज, मला पाजायचंय. त्या अख्ख्या वर्षात ५३ नमो मरिया पुऱ्या किती वेळा झाल्या असतील, मला तरी आठवत नाही. एका रहस्यावर थांब की गं तू पण. माळ उशीखाली ठेव आणि झोप.

आता मोनिका. जाऊबाईंना सांग, तिच्या पोराचा, ऑगस्टीनचा, बाप्तिस्मा झाला ३८७ मध्ये, तेव्हा तो ३२ वर्षांचा घोडा होता आणि त्याने आईला काय काय बघायला लावलं होतं! तुझ्या पोराने नुसतं दूध सांडलंय. आणि मोनिका काय नुसती गुडघे टेकून रडत नव्हती बसली, एका बिशपच्या मागे इतकी लागली की तो वैतागला, मग आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पोराच्या मागे पार मिलानपर्यंत गेली, तिथे अँब्रोझ बिशपांचा आधार मिळाला. म्हणजे माणसं शोधली तिने. तू पण शोध. मोनिकाचं नाव घेणाऱ्या जाऊबाईंनाच म्हण, रोज संध्याकाळी एक तास धाकटीला सांभाळा, मी झोपते. ओशाळं वाटेल, पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, तरी म्हण. आणि नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोट किनाऱ्याला, तो घरात, तर रात्री पोरं उठली की त्याने उठायचं. जाळी विणायला दिवस आहे.

फटकावलंस ते चुकलंच, त्याला रंग लावून सांगणार नाही. पण मोरीत रडण्यापेक्षा त्याच्यासमोर खाली बस आणि म्हण, आईचं चुकलं रे, आई दमली होती. ३ वर्षांच्या पोराला तेवढं कळतं. कन्फेशनला जायचं असेल तर जा, पण आधी पोराकडे.

आणि हे नीट वाच. बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं बऱ्याच जणींना होतं, आपोआप जातं. पण ५ महिने झाल्यावरही रोज रडू येत असेल, बाळ निजलेलं असतानाही तुला झोप लागत नसेल, कशात जीव रमत नसेल, तर हा आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे, डॉक्टरांना मोकळेपणी सांग. स्वतःचं किंवा बाळाचं काही करावं असं मनात आलं तर त्याच मिनिटाला घरातल्या कोणाला तरी जवळ बसव आणि थेट हॉस्पिटल गाठ. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलीस म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर लूकचं नाव सांग, शुभवर्तमान लिहिणारा लूक, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

राहिली रविवारची मिस्सा. पोप फ्रान्सिस जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपलमध्ये बाळांचा बाप्तिस्मा करत होते, तर आयांना म्हणाले, बाळं भुकेली असतील तर इथेच पाजा, विचार करू नका. व्हॅटिकनमध्ये चालतं तर आपल्या पॅरिशमध्ये कोणाला त्रास होणार आहे? या रविवारी जा. दाराशी उभी राहू नकोस, मधल्या बाकावर बस, आणि धाकटी रडली की जी बाई वळून बघेल ना, तिच्याच हातात दे तिला.