यादीत कोण आणि यादीबाहेर कोण?

शिक्षणसंस्थांत जबाबदारीच्या पदावर असलेली माणसे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बोलण्याची सुरुवात बहुधा उडालेल्या झोपेपासून किंवा वाढलेल्या पित्तापासून होते आणि दोन-तीन भेटींनंतर गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: मान्यतेसाठी कोणते अभ्यासक्रम दाखवायचे याची यादी मला करायची आहे, पण ज्याचे नाव घेईन तोही चिडणार आणि ज्याचे गाळीन तोही. ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की त्यांतला एक अनुभव, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

त्या मूळच्या सांगलीकडच्या. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या बिझनेस कॉलेजात सहयोगी अधिष्ठाता आहेत. आमच्या भेटी ऑनलाइन होत; माझ्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असत, तिकडे त्यांची सकाळ. बिझनेस कॉलेजांना मान्यता देणाऱ्या, १९१६ साली स्थापन झालेल्या एएसीएसबी या संस्थेची मान्यता त्यांच्या कॉलेजाला मिळवायची होती आणि कोणत्या पदव्या त्या मान्यतेच्या कक्षेत दाखवायच्या, हे ठरवण्याचे काम अधिष्ठात्यांनी त्यांच्यावर सोपवले होते. हॉटेल व्यवस्थापनाच्या विभागप्रमुखांना बाहेर राहायचे होते. आरोग्य प्रशासनाच्या प्रमुखांना नावाचा मान हवा होता, म्हणून आत यायचे होते. खुद्द कॉलेजची एक ऑनलाइन पदवी मात्र बहुतांशी अर्धवेळ शिक्षकांवर चालत असल्यामुळे 'तूर्त दाखवू नये' असे वरून सुचवले गेले होते.

"सगळ्यांना पटलंच पाहिजे हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढची दहा वर्षं याच लोकांबरोबर काढायची आहेत मला."

घटनांपेक्षा त्यांविषयीचे आपले हट्टी विचारच अधिक त्रास देतात, असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत वाढलेली मी समुपदेशक आहे आणि मराठीने या पद्धतीला एका अक्षराचे शस्त्र आयते दिले आहे, असे मला नेहमी वाटते. ते अक्षर म्हणजे 'च'. 'पटले तर बरे' आणि 'पटलेच पाहिजे' यांत जे अंतर आहे, त्यातच माणसाची झोप जाते. त्या दिवशी अर्ध्या तासात मी त्यांचे अकरा 'च' मोजले आणि त्यांना तसे सांगितले. त्या हसल्या, पण हललेले काहीच नव्हते.

हलले ते चौथ्या भेटीत. मी त्यांना त्यांचा तक्ता पडद्यावर दाखवायला सांगितले. पहिल्या रकान्यात अभ्यासक्रमाचे नाव होते, दुसऱ्यात प्रमुखाचे आणि तिसऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत, तो किती दुखावेल याचा अंदाज. श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) रकानाच नव्हता! इतक्या हुशार बाईंनी मान्यतेचा तक्ता मांडला होता आणि त्यात अभ्यासक्रमाविषयी एकही आकडा नव्हता.

"उजवीकडचे दोन रकाने हाताने झाका आणि नियम काय म्हणतो ते मला सांगा," मी म्हणाले.

नियम त्यांना पाठ होता. पदवी स्तरावर साधारण २५ टक्के किंवा त्याहून अधिक अध्यापन लेखाशास्त्र, वित्त, विपणन, व्यवस्थापन अशा व्यवसाय-विषयांचे असेल, आणि पदव्युत्तर स्तरावर ५० टक्के किंवा अधिक, तर तो अभ्यासक्रम, मग तो कोणत्याही विभागात असो, कक्षेत धरला जातो. तो नको असेल तर वगळण्याची विनंती कारणांसह करावी लागते आणि तिच्यावरचा निर्णय एएसीएसबी देते. त्या पेन्सिलीने मोजू लागल्या. हॉटेल व्यवस्थापनाच्या १२० श्रेयांकांपैकी ३६ व्यवसाय-विषयांचे होते, म्हणजे ३० टक्के. आरोग्य प्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीचे ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्क्यांच्याही आत. ऑनलाइन पदवी तर पूर्णपणे त्यांच्याच कॉलेजची होती.

बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे यादी मला ठाऊकच होती. मी फक्त कोण रागावणार नाही, अशी दुसरी यादी शोधत होते."

हे वाक्य त्यांचे आहे, माझे नाही. पण त्या वाक्यापर्यंत त्यांना चालत येऊ दिले, मध्येच उत्तर पुरवले नाही, याचे थोडे श्रेय मी घेते.

अशा पेचात असलेल्यांना मी आता सांगते, की माणसांची नावे लिहिण्याआधी आकडे लिहा. वगळण्यासाठी 'तो विभाग आमचा नाही' एवढे पुरत नाही. प्रवेश, नेमणुका, पैसा आणि अभ्यासक्रम यांवर कोणाचा ताबा आहे, माहितीपत्रकावर कोणाचे नाव छापले आहे आणि बाहेरच्याला ती पदवी कोणाची वाटते, हे पाहिले जाते. अभ्यासक्रम कमकुवत आहे, हे तर वगळण्याचे कारण नव्हेच. संपूर्ण कॉलेजमध्ये साधारण ७५ टक्के अध्यापन संस्थेच्या कामात सहभागी असलेल्या शिक्षकांकडून व्हावे अशी अपेक्षा असते. तेथे कमतरता असेल तर ती भरून काढायची असते, झाकायची नसते. आपल्याकडे मान्यता देणाऱ्या दोन संस्थांपैकी एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते आणि नॅक संपूर्ण शिक्षणसंस्थेला, त्यामुळे इकडच्या विभागप्रमुखांचा पेच थोड्या वेगळ्या आकाराचा असतो, पण तिसरा रकाना त्यांच्याही तक्त्यात मी पाहिला आहे.

हॉटेल व्यवस्थापनाच्या माहितीपत्रकावर बिझनेस कॉलेजचे नाव ठळक छापलेले निघाले. ते घेऊन त्या प्रमुखांना भेटायला गेल्या. त्या रात्री त्यांचा निरोप आला: "रागावले. चाळीस मिनिटं रागावले. मग विचारलं, माहितीपत्रक बदललं तर वगळण्याची विनंती करता येईल का."

ऑनलाइन पदवीचे काय केले, असे मी विचारले. ती यादीत सर्वांत वर घातली होती.