सर्चमध्ये आलं नाही म्हणून डिस्कवर नाही असं धरू नका

दादा, तुमची अडचण वाचली आणि 2019 चा ऑगस्ट, म्हणजे आमचा महापूर आठवला. तुमच्याकडं एक एक्स्टर्नल डिस्क, चार-पाच पेनड्राइव्ह, त्यांत दहा वर्षांच्या पत्रिका नि पोस्टर, आणि डिस्क काढून परत लावली की सर्च कोरा. माझ्या कोल्हापुरातल्या डीटीपीच्या दुकानात हेच झालंय. सर्चचं सॉफ्टवेअर टाकायचं कसं ते तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

सर्च कोरा होण्यामागं बहुतेक वेळा ड्राइव्हचं अक्षर असतं. काल डिस्क 'ई' होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून ती 'एफ' झाली. इंडेक्स, म्हणजे सर्चनं करून ठेवलेली फायलींची यादी, बिचारा 'ई' वरच शोधत बसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला शेवटाकडचं अक्षर द्या, एक्स किंवा वाय. त्या कॉम्प्युटरवर ते टिकतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत द्यावं लागतं.

आता माझा घोळ. पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली होती, पाणी शाहूपुरीत शिरलेलं. कॉम्प्युटरमधला सगळा डाटा घेऊन वर जायचं होतं आणि मोकळी डिस्क एकही नव्हती. एक जुनी होती, आत 'न्यू फोल्डर 3', 'न्यू फोल्डर 3 कॉपी' असला प्रकार. उघडून बघायला वेळ कुठला? एका कार्यालयाची स्मरणिका छापली होती, ती तेवढी आहे का बघायला एव्हरीथिंगमध्ये (फायलींची नावं शोधायचं सॉफ्टवेअर) 'स्मरणिका' टाकलं, कॉम्प्युटरच्याच डी ड्राइव्हवरच्या तीन फायली आल्या. म्हटलं, आहे की सगळं कॉम्प्युटरवर. डिस्क फॉरमॅट मारली आणि तिच्यावर सगळा डाटा ओतला.

डिस्कवर फायली साठवायच्या पद्धती असतात, एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट 32 अशा. ती डिस्क एक्सफॅट होती. एव्हरीथिंगची माझ्याकडची 1.4 आवृत्ती एनटीएफएस डिस्क आपोआप इंडेक्स करते, एक्सफॅट आणि फॅट 32 मात्र आपण 'फोल्डर्स'मध्ये जाऊन जोडावी लागते. म्हणजे त्या डिस्कवर सर्च झालाच नव्हता! डीवरच्या तीन फायली कच्च्या होत्या, मंजूर झालेली एकमेव प्रत डिस्कवर होती. नुसतं फॉरमॅट असतं तर रिकव्हरीनं काहीतरी निघालं असतं. वरून नवा डाटा पडल्यावर काय निघणार?

दिवाळीनंतर ज्या कार्यालयाची स्मरणिका छापली होती तिथून निरोप, बिल पाहिजे तर मंजूर प्रुफाची फाईल आणा. सहीचं कागदी प्रूफ त्यांच्याच कपाटात. ते कपाट उघडायला कुणी तयार नाही. आज साहेब रजेवर, उद्या साहेब बदलले, परवा टेबलच बदललं. पेपर, प्लेट, बाइंडिंग सगळं माझ्या खिशातून गेलेलं. नाव घेत नाही, पण तेव्हापासून सरकारी काम घेताना प्रुफाची झेरॉक्स शिक्का मारून परत घेतल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही.

असो. एव्हरीथिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली रिमूव्ह ऑफलाइन व्हॉल्यूम्स'ची टिक काढा, म्हणजे एनटीएफएस डिस्क कपाटात असली तरी तिच्यावरच्या फायलींची नावं दिसत राहतात. पेनड्राइव्हसाठी मी फाईल लिस्ट करून ठेवतो. ही नुसती यादी आहे, बॅकअप नव्हे. आमच्या पोरानं यादी आहे म्हणून एक पेनड्राइव्ह पुसला होता.

फायलीच्या आतला मजकूर शोधायचा असेल तर डॉकफेचर या सॉफ्टवेअरची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती डिस्कवरच ठेवा आणि इंडेक्स करताना रिलेटिव्ह पाथचा पर्याय निवडा, मग अक्षर बदललं तरी अडत नाही. पण आपल्या धंद्यात खरी गोम फॉन्टची आहे. श्रीलिपी, कृतिदेवात केलेल्या जुन्या वर्ड फायलीत युनिकोडमधलं, म्हणजे आज मोबाइलवर टाइप करतो तसलं 'विवाह' कधीच सापडणार नाही, कारण आत भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. तो शब्द त्याच फॉन्टमध्ये टाइप करून कॉपी करायचा आणि सर्चमध्ये चिकटवायचा. दिसतं अगम्य, पण पुष्कळदा सापडतं. पेजमेकरच्या (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फायलींना आणि स्कॅन केलेल्या पीडीएफला हेही लागू नाही, तिथं फाईलच्या नावातच वर्ष आणि गिऱ्हाईकाचं आडनाव घालणं एवढंच हातात आहे. माझ्या मते विंडोजच्या सर्चच्या नादाला लागूच नका. काही जणांचं त्यावर चांगलं चालतं म्हणे. मी कॉम्प्युटरवाला नाही, छपाईवाला आहे, तेव्हा आधी एखाद्या फालतू पेनड्राइव्हवर करून बघा.

आणि डिस्क काढताना 'वापरात आहे' असं येत असेल तर ओढू नका, इंडेक्सचं काम चालू असू शकतं. प्रोग्राम बंद करून मग काढा.

तुमची डिस्क एनटीएफएस आहे का एक्सफॅट ते तुम्ही लिहिलेलंच नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं 'फाईल सिस्टिम' बघा आणि कळवा. तोवर काहीही फॉरमॅट करू नका.