नाताळचा आध्यात्मिक अर्थ काय? ठाण्यात तर मॉलमधला सांताक्लॉज आणि केकच दिसतात

सांताचा मूळ श्रद्धेशी संबंध फार थोडा. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा, की देव माणूस झाला, आणि तोही राजवाड्यात नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) बाळ येशूला गव्हाणीत निजवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. पहिली बातमीही पोचली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं: देवाने आपण होऊन लहान, परावलंबी होणं पत्करलं.

आपल्याकडे लोक याला पटकन 'अवतार' म्हणतात. समजायला ठीक आहे, पण एक फरक आहे. अवतार पुन्हा पुन्हा होतात. ख्रिस्ती मताप्रमाणे हे एकदाच घडलं, आणि भूक, दुःख, मरण सगळं खरोखर भोगून.

तारखेवरून वाद घालू नका. २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठेच नाही. रोममध्ये त्या दिवशी सण पाळल्याची नोंद इ.स. ३३६ची आहे.

सणाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे प्रार्थनेचे आणि आत्मपरीक्षणाचे. (तेवढ्यात सेल सुरू झालेला असतो, ते सोडा.) तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये नाताळात गव्हाणीचा देखावा बघायला मिळाला, तर त्यातली गुरं आणि मेंढपाळ जरूर बघा. असा देखावा असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी उभा केला होता.